मातीचे घर आपोआप गार राहत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाळवंटातील मातीच्या घरांवर सचित्र लेख आला होता. छायाचित्रे सुंदर होती आणि असा विषय आपण घेतलात याचा मनापासून आनंद झाला. मात्र मथळ्यात या घरांना ‘निसर्गाने दिलेला एसी’ म्हटले होते, तिथे मी अडखळलो. लेख वाचून एखाद्याने उद्या वाळवंटात मातीच्या भिंती उभ्या केल्या आणि आता घर गार राहील म्हणून निर्धास्त झाला, तर पहिल्याच उन्हाळ्यात त्याची पुरती निराशा होईल. मग तो मातीलाच दोष देईल. हे मी होताना पाहिले आहे, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तरी छपराचा आणि पाण्याचा भाग तेवढा ठेवावा, ही विनंती.

मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. नोकरीतली अकरा वर्षे वाळवंटी भागात कर्मचाऱ्यांच्या वसाहती बांधण्यात गेली. त्यांतल्याच एका क्वार्टरमध्ये मी कुटुंबासह राहत होतो. साडेचार इंची स्लॅब, नऊ इंची भिंती, आणि झोपायच्या खोलीला पश्चिमेकडे भलीमोठी खिडकी. नकाशा मुख्यालयातून आलेला असे. डोंगर असो, समुद्रकिनारा असो की वाळवंट, घर तेच. मे महिन्यातल्या एका रात्री अकरा वाजता झोप येईना म्हणून मी स्टुलावर चढून छताला तळहात लावला. पाच-सहा सेकंदांत काढून घ्यावा लागला. सूर्य मावळून तीन तास होऊन गेले होते, बाहेर अंगणात वारा सुखद झाला होता, आणि आमच्या डोक्यावरची स्लॅब मात्र दिवसभर प्यायलेले ऊन आता आमच्यावर ओतत होती. पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर येई.

वसाहतीपासून दोनशे पावलांवर आमच्या मिस्त्रींचे घर होते. वयाने माझ्या वडिलांएवढे, चार पिढ्या मातीकाम करणारे. एकदा भर दुपारी हजेरीपटावर सही घ्यायला मी त्यांच्याकडे गेलो. दार बुटके, त्यामुळे वाकून आत जावे लागले. डोळ्यांना अंधार सरावायला जरा वेळ लागला आणि मग लक्षात आले की मानेवरचा घाम वाळतो आहे. भिंत हातभर जाड होती. खिडकी म्हणजे छताजवळ वीतभर झरोका, आणि तोही त्या वेळी चिंध्यांनी बंद केलेला. मी सवयीने भिंतीला हात लावला, तशी मिस्त्रींची पत्नी हसून म्हणाली, “आत्ता नको, रात्री दहाला येऊन हात लावा. तेव्हा ती गरम असते. आम्ही तेव्हा बाहेर असतो.”

त्या एका वाक्यात वाळवंटातल्या घराचे सगळे शास्त्र आहे. माती स्वतः गार नसते. जाड मातीची भिंत उन्हाला वेळ लावते. बाहेरच्या अंगाला लागलेली उष्णता आतल्या अंगापर्यंत पोहोचायला २५ सेंमी जाडीच्या कच्च्या विटेच्या भिंतीत साधारण नऊ तास लागतात. भिंत दीडपट-दुप्पट जाड केली की हा वेळ त्याच प्रमाणात वाढतो. दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत मध्यरात्र होते, आणि तोवर बाहेरची हवा इतकी उतरलेली असते की दारे-झरोके उघडून भिंतीतली उष्णता बाहेर काढून टाकता येते. आमची साडेचार इंची स्लॅब हेच काम तीन-चार तासांत उरकत होती. म्हणजे नेमके आम्ही जेवून अंथरुणावर पडायच्या सुमाराला.

हे जमते कारण वाळवंटातली हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता थेट आकाशात सोडते. अडवायला ढग नाहीत, दमटपणा नाही. त्यामुळे दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचे अंतर पडते. हे अंतर हीच वाळवंटातल्या घराची पुंजी. भिंत म्हणजे धान्याची कणगी समजा. दिवसा ती भरत जाते, रात्री ती रिकामी केली तरच दुसऱ्या दिवशी तिच्यात जागा राहते. आमच्या मिस्त्रींच्या घरात हे काम घड्याळासारखे चाले. सूर्य उगवून तासभर झाला की झरोके बंद, दाराला जाड पडदा, चूल बाहेरच्या आडोशाला. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडायचे, अंधार पडला की सगळे सताड उघडायचे आणि माणसांनी छपरावर जायचे. माझ्या पत्नीने त्यांचे पाहून आमच्या क्वार्टरच्या खिडक्या सकाळी आठला बंद करायला सुरुवात केली. शेजारच्या बायका म्हणत, यांच्याकडे किती कोंदट वाटते. थोडा फरक पडलाही, पण वरची स्लॅब होती तिथेच होती.

याच्या उलट उदाहरणही मी पाहिले आहे. पर्यटकांसाठी बांधलेल्या मातीच्या कुटिरांची एक रांग होती. भिंती अस्सल, दीड फूट जाड, हाताने लिंपलेल्या. पण खिडक्यांना न उघडणाऱ्या काचा, कारण धूळ आत येऊ नये. खोल्या रात्रंदिवस बंद. पहिले तीन-चार दिवस ठीक गेले असतील. त्यानंतर भिंती जिरवतील तेवढे जिरवून बसल्या आणि आत भट्टी झाली. शेवटी प्रत्येक कुटिराला वातानुकूलन यंत्र लागले आणि ते सामान्य खोलीपेक्षा जास्त वेळ चालवावे लागे, कारण आधी त्या तापलेल्या भिंती गार करायच्या. बाहेर पाटी मात्र पर्यावरणस्नेही निवासाची.

आपल्या लेखात आकडे नव्हते म्हणून एक जुना प्रयोग सांगतो. इजिप्तचे वास्तुविशारद हसन फथी (१९००–१९८९) यांनी मातीच्या घरांसाठी आयुष्य वेचले. कैरोच्या बांधकाम संशोधन केंद्राच्या आवारात दोन लहान खोल्या शेजारी शेजारी उभारून त्यांची तुलना केली गेली. एकीच्या भिंती आणि छत ५० सेंमी जाड कच्च्या विटांचे, दुसरीचे १० सेंमी जाड तयार काँक्रीटच्या पट्ट्यांचे. मार्च महिन्यातल्या चोवीस तासांत मातीच्या खोलीतले तापमान २१ ते २३ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिले. काँक्रीटची खोली दुपारी ३६ अंशांवर गेली, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही बरीच जास्त. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ही तुलना माती विरुद्ध काँक्रीट एवढीच नाही, ५० सेंमी विरुद्ध १० सेंमी अशीही आहे. १० सेंमी मातीची खोली बांधली असती तर तीही तापलीच असती. आणि छतसुद्धा ५० सेंमीचे होते, हे तर बहुतेक जण वाचता वाचता विसरतात.

म्हणून आता छपराकडे येतो. उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. उत्तर-दक्षिणेच्या भिंतींना त्याचा फारसा मारा नसतो, पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना अर्धा दिवस असतो. छपराला मात्र सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सुट्टी नाही. भिंती कितीही जाड करा, वर उघडी स्लॅब किंवा पत्रा असेल तर सगळे मुसळ केरात. मी पाहिलेल्या दहातल्या आठ ‘स्थानिक साहित्याच्या’ घरांत हाच घोळ होता. भिंती मातीच्या किंवा दगडाच्या, त्यावर बेधडक आरसीसी. का, तर छपराचा प्रश्न खरोखरच अवघड आहे. वाळवंटात माती हवी तेवढी मिळते, दगड मिळतो, लाकूड मिळत नाही. आपण ज्याला माळवद किंवा धाबे म्हणतो, तुळया, त्यावर काड्या-फांद्या आणि वर हातभर मातीचा थर, ते वाळवंटातही उत्तम चालते, पण तुळया आणायच्या कुठून?

या प्रश्नाचे उत्तर नाईलच्या काठच्या नुबियन गवंड्यांनी फार पूर्वी शोधून ठेवले होते. फथींना ते आस्वानजवळच्या गावांत सापडले. नुसत्या कच्च्या विटांची कमान, खाली लाकडी साचा न लावता! खोलीच्या मागच्या भिंतीवर गवंडी मातीने कमानीची रेघ ओढतो, नुसत्या नजरेने. मग पहिली रांग त्या भिंतीला टेकवून किंचित कलती लावतो, तिला टेकून दुसरी, तिला टेकून तिसरी. विटा साधारण २५ × १५ × ५ सेंमीच्या, एरवीपेक्षा जास्त भुसा घालून हलक्या केलेल्या, आणि त्या जोडायचा मातीचा गारा चिकट. कलती असल्यामुळे वीट खाली न घसरता मागच्या रांगेला धरून राहते. गवंडी पुढे सरकत येतो तसे त्याच्यामागे छप्पर तयार होत जाते. एकही तुळई नाही, एकही सळई नाही. वाकदार छपराचा काही भाग सकाळ-दुपार स्वतःच्याच सावलीत राहतो आणि खोलीतली गरम हवा माणसाच्या डोक्यापासून दूर वर जाते, हा वरचा फायदा.

लक्सरजवळचे न्यू गोर्ना गाव फथींनी १९४५ नंतर याच पद्धतीने बांधायला घेतले. ज्या कुटुंबांसाठी ते होते त्यांतल्या बहुतेकांनी तिथे जायला नकार दिला. त्यांची उपजीविका जुन्या वस्तीभोवतीच्या प्राचीन थडग्यांशी बांधलेली होती. या प्रयोगाला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्यातून एवढेच दिसते की घराचे तंत्र बरोबर असले तरी राहणाऱ्याला विचारल्यावाचून गाव वसत नाही. तंत्र त्यामुळे खोटे ठरत नाही.

ज्यांना कमान जमणार नाही त्यांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर दर उन्हाळ्याआधी द्यावा. पांढऱ्या पृष्ठभागावरून बरेचसे ऊन परत जाते. आणि छपरावर सावली करावी, मग ती बांबूची असो, चटईची असो की सौर पॅनेलची, मात्र मध्ये हवा खेळायला हात-दीड हात मोकळी जागा ठेवून. मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या क्वार्टरवर असा मांडव घालून घेतला. स्टुलावर चढून छताला हात लावायची सवय तोवर जडली होती. त्या मे महिन्यात हात छतावर टेकवून उभा राहता आले.

आता पाण्याविषयी. हा भाग मला सगळ्यांत जास्त बोचतो, कारण यात चूक माझी आहे.

वसाहतीच्या आवारात एक जुनी मातीची इमारत होती, तीन खोल्यांची. ती ‘पक्की’ करावी असे ठरले. वरच्यांचा आग्रह होता आणि मलाही ते योग्यच वाटले. मी तिच्या भिंतींना बाहेरून तारेची जाळी ठोकली आणि वर सिमेंटचा गिलावा केला, एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. मिस्त्री म्हणाले, “साहेब, चुना-मातीचाच हात देऊ या, दर वर्षी मी देईन.” मी ऐकले नाही. इमारत वर्षभर झकास दिसत होती. मग एका संध्याकाळी जोराचा पाऊस झाला, वाळवंटात होतो तसा, दोन तासांत वर्षाचा. त्यानंतर दीड महिन्याने गिलाव्यावर टिचकी मारली तर डब्यासारखा पोकळ आवाज आला. मिस्त्रींनी सब्बलाच्या टोकाने एक पोपडा उचकटला. हाताएवढा सिमेंटचा तुकडा निघाला आणि त्याच्यामागून ओली माती भाकरीच्या पिठासारखी खाली आली. जोत्यापासून गुडघाभर उंचीपर्यंत भिंत आतून खाऊन गेली होती. मिस्त्री मला काही बोलले नाहीत. तो तुकडा त्यांनी बाजूला ठेवला आणि पोरांना टेकू आणायला सांगितले.

काय झाले ते सांगतो, कारण ही चूक आजही सर्रास होते. मातीची भिंत ओल्या-सुक्या हवेबरोबर, ऊन-थंडीबरोबर किंचित हलते. सिमेंटचा थर ताठ असतो, तो हलत नाही, त्याला केसासारख्या भेगा जातात. त्या भेगांतून पावसाचे पाणी आत शिरते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असता तर ती ओल दोन-चार दिवसांच्या उन्हात भिंतीच्या अंगातून उडून गेली असती. सिमेंटने तिची बाहेर पडायची वाट बुजवली. ओल आत कोंडली, माती मऊ झाली, आणि बाहेरून सगळे ठाकठीक दिसत राहिले.

वाळवंटात पाऊस नाही म्हणून पाण्याची चिंता नाही, हा समज घातक आहे. पाऊस क्वचित येतो आणि आला की एकदम येतो. इजिप्तच्या सिवा मरूद्यानात मीठ आणि माती मिसळून बांधलेली शालीची गढी शतकानुशतके उभी होती. १९२६ च्या सलग पावसाने तिची इतकी नासधूस केली की लोकांनी ती सोडली. येमेनमधल्या शिबामचे मातीचे बहुमजली वाडे मात्र सोळाव्या शतकापासून उभे आहेत, कारण त्यांच्या गच्च्यांना आणि वरच्या भागाला चुन्याचा लेप असतो आणि तो वेळोवेळी नवा केला जातो. त्यांनाही २००८ च्या पुराचा तडाखा बसलाच. जैसलमेरच्या किल्ल्याची गोष्ट तर आपल्या शेजारची. ११५६ मध्ये वसवलेला तो पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला आकाशातल्या पाण्याने खचला नाही तेवढा नळाच्या पाण्याने खचला. घरोघरी नळ आले, सांडपाणी वाहून न्यायची व्यवस्था तेवढी आली नाही, पाणी पायाखालच्या मातीच्या थरांत मुरत गेले आणि बुरूज, भिंती ढासळू लागल्या.

तेव्हा मातीच्या घरात जोते दगडाचे आणि निदान दोन फूट उंच हवे. छपराचे पाणी भिंतीपासून दूर टाकणाऱ्या पन्हळी हव्यात. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराची मोरी भिंतीला चिकटून नको. आणि दर पावसाळ्याआधी बाहेरून गिलाव्याचा एक हात. हे शेवटचे काम दोन माणसांचे चार दिवसांचे आहे, पण ते कुणाच्या तरी नावावर असावे लागते. आमच्या कार्यालयाच्या देखभालीच्या खात्यात तैलरंगाला तरतूद होती, डांबराला होती, चुना-मातीच्या हातासाठी नव्हती. मी दोनदा टिपणी पाठवली. ‘तात्पुरत्या स्वरूपाचे काम’ असा शेरा मारून परत आली. दर वर्षी करावे लागणारे काम तात्पुरते, आणि वीस वर्षांत सळया गंजून पाडावी लागणारी स्लॅब कायमची, हा हिशेब मला कधी पटला नाही.

सळया गंजण्याचे म्हटले, तर त्याचेही कारण वाळवंटच. काँक्रीटला चांगले पाणी लागते, नुसते कालवायला नव्हे, मुरवायलाही. साध्या सिमेंटचे काँक्रीट निदान सात दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत दहा दिवस ओले ठेवावे असे आपल्या भारतीय मानकातच आहे. आम्ही स्लॅबवर ओली पोती टाकायचो, अर्ध्या तासात ती पापडासारखी कडक व्हायची. गोड्या पाण्याचा टँकर लांबून यायचा, कधी यायचा नाही, मग कुणीतरी खाऱ्या विहिरीचे पाणी मारायचे. त्या मिठाने आतले लोखंड खाल्ले. शिवाय वाळवंटातली वाळूही काँक्रीटला नीट चालत नाही. वाऱ्याने घासून घासून तिचे कण गुळगुळीत आणि फार बारीक झालेले असतात, ते एकमेकांत अडकत नाहीत. सगळीकडे वाळू पसरलेली, आणि आम्ही वाळू ट्रकने मागवत होतो! त्याच उन्हात मिस्त्रींचे भेंडे, म्हणजे मातीच्या कच्च्या विटा, मात्र फुकट तयार होत होते. त्यांना वाळायलाच ऊन हवे.

भेंड्यासाठीही वाटेल ती माती चालत नाही, हेही लिहायला हवे. मिस्त्री ओल्या मातीची बोटाएवढी वळी करून ती तळहाताच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवत. चटकन तुटली तर वाळू जास्त, फार लांब लोंबली तर चिकण जास्त. अशी चिकण माती वाळताना तडकते. मधली मिळेपर्यंत दोन खड्ड्यांतली माती मिसळून पाहत. मग भुसा घालून, पायांनी तुडवून, दोन-तीन दिवस मुरत ठेवून साच्यात भरत. साचा उचलल्यावर भेंडा दोन दिवस आडवा, मग कडेवर उभा. घाईने उन्हात टाकला तर वरून सुकतो आणि पोटात ओला राहतो, म्हणून सुरुवातीला वर गवत. मी हे सगळे एका वहीत लिहून घेतले होते.

काही जण म्हणतील, हे सगळे भूकंपात काय कामाचे? प्रश्न रास्त आहे आणि टाळता येणारा नाही. इराणमधले बाम शहर २६ डिसेंबर २००३ च्या भूकंपात कोसळले, हजारो माणसे गेली, त्यांत मातीच्या घरांखाली दबलेली असंख्य होती. जड माती, वर जड छप्पर आणि भिंतींना एकत्र बांधून ठेवणारे काही नाही, असे घर भूकंपप्रवण भागात बांधणे हा गुन्हा आहे. पण त्याआधी जवळजवळ तीन वर्षे, २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले तेव्हा तिथली ‘भुंगा’ म्हटली जाणारी गोल मातीची घरे बऱ्याच प्रमाणात टिकून राहिली. गोल भिंतीला कोपरा नसतो, त्यामुळे कोपऱ्यात फाटण्याचा प्रश्न नसतो, आणि वरचे शंकूच्या आकाराचे शाकारलेले छप्पर हलके असते. चौकोनी घर हवे तर जोते, खिडकीचा माथा आणि छपराखाली अशा ठिकाणी भिंतीला वेढणारे पट्टे घालावेत. भूकंपाच्या प्रदेशात जड कमानीपेक्षा हलके छप्पर आणि त्यावर सावली, हाच मार्ग मी सुचवीन.

आणखी एक कबुली. सगळी वाळवंटे सारखी नसतात. समुद्राला लागून असलेल्या वाळवंटात रात्रीची हवाही दमट आणि उष्ण असते, तिथे भिंत रिकामी करायला गार रात्रच मिळत नाही. तिथे जाड भिंतीपेक्षा वारा आणि सावली महत्त्वाची. आतल्या कोरड्या प्रदेशातही आता उष्णतेच्या लाटेत रात्री पूर्वीइतक्या उतरत नाहीत, आणि शहरात तर प्रत्येक एसी आपली उष्णता गल्लीतच सोडतो. अशा आठवड्यात मातीच्या घरातही एसी लागेल. लागू दे. पण चार महिने रात्रंदिवस लागण्याऐवजी दहा-बारा रात्री लागणे यात फार मोठा फरक आहे. इराणच्या यझ्द शहरात वारा पकडून खाली आणणारे बादगीर मनोरे आहेत, दौलताबाद बागेतला तर सुमारे ३३ मीटर उंच. त्यांतली हवा पाण्यावरून फिरवून तळघरात नेतात, आणि वारा पडला तरी वर तापलेली हवा चढते म्हणून खालून ओढ लागतेच. असला मनोरा प्रत्येक घराला परवडणार नाही, पण घराच्या मधोमध अंगण ठेवणे परवडते. रात्री जड, गार हवा त्या अंगणात उतरून साचते आणि सकाळी उशिरापर्यंत खोल्यांना पुरते.

हल्ली इमारतीचा सांगाडा काँक्रीटचा, दर्शनी बाजू काचेची, आणि त्यावर बोटभर जाड स्थानिक दगडाच्या फरशा चिकटवून जाहिरातीत ‘स्थानिक साहित्य, स्थानिक परंपरा’ असे छापण्याची चाल पडली आहे. त्या फरशीचा गारव्याशी काही संबंध नाही. दगड भिंत म्हणून उभा असावा लागतो. जैसलमेरजवळ २०२१ मध्ये सुरू झालेली राजकुमारी रत्नावती मुलींची शाळा पाहा. अंडाकृती इमारत, तिथल्याच वालुकाश्माच्या भिंती, मधोमध अंगण, वरच्या कठड्याला वारा येऊ देणाऱ्या जाळ्या आणि सौर पॅनेलची सावली. नव्या काळात, नव्या गरजेसाठी, त्या प्रदेशाच्या दगडात हे करता येते.

संपादक महाराज, आपल्याकडे माझे मागणे एवढेच आहे. यापुढे अशा घरावर लेख छापाल तेव्हा दर्शनी छायाचित्रासोबत तीन गोष्टी लेखकाकडून अवश्य मागवून घ्या. भिंतीची जाडी किती, छपरात काय काय थर आहेत, आणि मे महिन्यात दुपारी चार वाजता व पहाटे चार वाजता खोलीतले आणि बाहेरचे तापमान किती. पाहिजे तर चौथी गोष्टही विचारा, गिलाव्याचा शेवटचा हात कधी दिला आणि कुणी दिला. एवढे छापले तर वाचणाऱ्याला आपले घर बांधताना उपयोग होईल.

माझी ती वही अजून आहे. मिस्त्रींनी सांगितलेले मातीचे प्रमाण, भेंड्यांची मापे आणि गिलाव्याचे मिश्रण तिच्यात आहे. कुणा वाचकाला हवे असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी त्या पानांच्या प्रती काढून पाठवीन.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता